साडेपस्तीस इंच की पस्तीस इंच पाच सूत?

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या बाहेरच्या खोलीतील कोनाड्यात पुस्तकांसाठी फळ्या बसवायचे ठरले. माप मीच घेतले, चिठ्ठीवर ‘३५.५’ असे लिहिले आणि ती सुतारकाकांच्या हाती दिली. फळ्या कापून आल्या तेव्हा पाचांपैकी एकही आत जाईना. प्रत्येक फळी जेमतेम तीन मिलिमीटरने मोठी भरत होती. काकांनी खिशातून माझीच चिठ्ठी काढली आणि म्हणाले, “पस्तीस इंच पाच सूत. तुमचंच अक्षर आहे ना?”

आपल्याकडील सुतार इंचाचे आठ भाग करतात आणि त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून एक सूत ३.१७५ मिलिमीटरचे होते. मला अर्धा इंच, म्हणजे चार सूत, अभिप्रेत होते. काकांनी टिंबापुढचा आकडा सूत म्हणून वाचला. लग्नाच्या बायोडाट्यात उंची ‘५.१०’ लिहिलेली असते तेव्हा ती पाच फूट दहा इंच आहे हे आपण विनातक्रार ओळखतो, मग सुताराने तसेच वाचले तर त्याचे काय चुकले?

टेपच्या इंचाच्या बाजूला बहुधा इंचाचे सोळा भाग केलेले असतात, म्हणजे सर्वांत लहान घर अर्ध्या सुताचे. रेघांची उंची नीट पाहिली की मोजत बसावे लागत नाही: दोन इंचांच्या मधली सर्वांत उंच रेघ अर्ध्याची, तिच्याहून आखूड रेघा पाव आणि पाऊण इंचाच्या, त्याहून आखूड सुतांच्या. पाव म्हणजे दोन सूत, अर्धा चार आणि पाऊण सहा, एवढे पाठ असले की पाच सूत ही अर्धा आणि पाऊण यांच्या मधोमध असलेली रेघ आहे हे लगेच दिसते. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी आजही प्लायवूड ‘आठ बाय चार’ फुटांचे आणि १९ मिलिमीटर जाडीचे मागितले जाते, त्यामुळे टेपच्या दोन्ही बाजू वाचता येण्यावाचून गत्यंतर नाही.

टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी थोडी हलते, हा बिघाड नव्हे. मी मात्र एका टेपची आकडी हातोडीने ठोकून ‘घट्ट’ केली होती आणि त्यानंतर त्या टेपने बरोबर माप कधीच दिले नाही. फळीच्या कडेला आकडी अडकवून ओढली तर ती स्वतःच्या जाडीइतकी बाहेर सरकते, आणि कोनाड्यात भिंतीला टेकवून दाबली तर तेवढीच आत जाते. त्यामुळे दोन्ही वेळा शून्य योग्य जागी येते. कोनाड्याच्या दुसऱ्या टोकाला पट्टी वाकवून अंदाजाने वाचण्यापेक्षा टेपची डबीच भिंतीला टेकवावी आणि डबीवर तिची लांबी छापलेली असल्यास ती मापात मिळवावी. रेघ वाचताना डोळा तिच्या बरोबर समोर हवा आणि पट्टीची कड वस्तूला टेकलेली हवी, कारण पट्टी मधे खोलगट असल्याने कडा वर उचललेल्या राहतात आणि तिरकस पाहिले की रेघ सरकल्यासारखी वाटते.

चांगल्या टेपवर रोमन अंकांत अचूकतेचा वर्ग छापलेला असतो. युरोपीय नियमांप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या टेपला पाच मीटर लांबीत १.३ मिलिमीटरपर्यंतची चूक माफ असते. माझ्या एका टिंबाने तीन फुटांच्या आतच त्याच्या दुपटीहून अधिक चूक केली होती.

काकांनी पाचही फळ्या पुन्हा कापल्या. या वेळी मी चिठ्ठीवर ‘९०० मिमी’ असे लिहिले होते, कारण ९०१ आणि थोडे अधिक भरलेल्या जागेत फळी सरकायला जरा मोकळीक लागते. काकांनी ते वाचले, कानामागची पेन्सिल काढली आणि खाली स्वतःसाठी लिहिले: ३५ इंच, साडेतीन सूत.