येरळवाडी तलावावरील पक्षीगणना: जाणाऱ्यांसाठी काही सूचना

फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’साठी यंदा आम्ही सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील येरळवाडी तलाव निवडला. १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेली ही गणना २०१३ पासून जगभर होते आणि भारतातील पक्षीनिरीक्षकही तेव्हापासून तिच्यात सहभागी आहेत. येरळा नदीवरील हा जलाशय आणि जवळचा मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव, दोन्ही दुष्काळी पट्ट्यातले. पाणी ओसरू लागले की काठाचा चिखल उघडा पडतो आणि हिवाळी पाहुण्यांना चरायला जागा मिळते.

बहुतेक लोक येथे रोहित पक्ष्यांसाठी येतात. त्यांना उथळ पाणी लागते. पाऊस चांगला होऊन तलाव भरलेला राहिला, तर ते थांबतीलच असे नाही. आम्हाला ते दिसले नाहीत, तरीही ती सकाळ माझ्या दृष्टीने मोलाची ठरली, कारण दिसलेल्या प्रत्येक जातीची संपूर्ण यादी नोंदवली, तर एखादा पक्षी न दिसणे हीसुद्धा उपयुक्त माहिती असते. भारतातील पक्ष्यांची स्थिती मांडणारा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ मधील अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. म्हणून वारकरी, शेकाट्या, टिटवी आणि धोबी या पक्ष्यांना ‘नेहमीचेच’ म्हणून वगळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पट्टकदंबांचा थवा मात्र मन भरून पाहता आला. हिमालय ओलांडून आलेले हे हंस काठावर विसावले होते आणि पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजावेत, तेवढा थवा किती जागा व्यापतो हे डोळ्यांत साठवावे आणि त्याच मापाने पुढे सरकावे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून मगच आकडे ताडून पाहावेत. हळदीकुंकू बदक चोचीच्या पिवळ्या टोकावरून आणि बुडाशी असलेल्या लाल ठिपक्यांवरून ओळखता येते. पण दूरवरच्या बदकाची खात्री नसेल, तर ‘बदक, जात अनिश्चित’ अशीच नोंद करावी.

सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पक्ष्यांच्या नोंदी करण्याच्या ई-बर्ड अॅपमध्ये आपल्या भागाची पक्षीसूची घरूनच उतरवून घ्यावी. नोंदी नेटवर्कशिवाय होतात आणि नंतर पाठवता येतात. एका यादीसाठी किमान पंधरा मिनिटे द्यावीत. हरभऱ्याच्या रानातून जायचे असल्यास मालकाला विचारावे, आणि छायाचित्रासाठी थवा उडवू नये. उभे राहण्याची नेमकी जागा व वेळ वहीत टिपून ठेवावी, कारण जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेला तेथूनच मोजणी केली, तर दोन्ही आकड्यांची तुलना करता येते.