पाण्याला दार

"पानीले बी दार?"

माझे वडील, आप्पा, ब्रिस्बेनला आले त्या दिवशी, चहाचा कप हातात घेऊन मागच्या अंगणात गेले आणि हौदाच्या कुंपणापाशी थांबून त्यांनी हे विचारलं. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरीला कठडा असतो, गोठ्याला फाटक असतं, पण पाण्याला दार त्यांनी बहात्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. इथे ज्याला सगळे स्विमिंग पूल म्हणतात त्याला आप्पांनी पहिल्या दिवसापासून हौद म्हटलं, आणि आता माझ्या तोंडीही तोच शब्द बसलाय.

हौद घराबरोबरच मिळाला होता. त्याच्या कडेने लाकडी फळ्यांचा ओटा होता, इथल्या भाषेत डेक. बसायला, कपडे वाळत घालायला, पोरांना पाण्यातून निघून उभं राहायला. पण तो पार थकला होता. फळ्या दोन्ही कडांनी वर वळल्या होत्या, खिळ्यांची डोकी बाहेर आली होती, आणि एक दिवस माझ्या धाकटीचा तळपाय एका डोक्यावर फाटला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, दोन टाके पडले. त्याच आठवड्यात डेक नवा करायचं ठरलं. पेरणी भावावर सोपवून आप्पा तीन महिन्यांसाठी आले होते, त्यामुळे जुना डेक उखडण्यापासून शेवटचा स्क्रू बसेपर्यंत ते तिथेच होते. काम परवानाधारक सुताराने केलं. शनिवार-रविवार मी त्याच्या हाताखाली असायचे आणि आप्पा खुर्चीवर बसून सगळं न्याहाळायचे.

जुन्या फळ्या निघाल्या तेव्हा खालच्या कड्या, म्हणजे फळ्या पेलणारी आडवी लाकडं, दिसल्या. दिसायला धडधाकट, पण फळी जिथे कडीवर टेकते तेवढ्याच पट्टीत लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. आप्पांनी नख रोवून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या धाब्यात सर भिंतीत शिरतो तिथेच सडतो ना, तसंच." सर म्हणजे छपराची तुळई. आमचं जुनं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं. दर पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकायची, पाणी थांबणार नाही असा उतार राखायचा. पावसाने भिजून उन्हात वाळणारं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. दोन लाकडांच्या फटीत ओल अडकली आणि तिला वारा मिळाला नाही, की ते आतून खचतं. हे आप्पांना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि इथला सुतारही नेमकं तेच सांगत होता.

म्हणून नव्या डेकमध्ये प्रत्येक कडीच्या माथ्यावर पाणी अडवणारी चिकटपट्टी लावली. दोन फळ्यांमध्ये चार-पाच मिलिमीटरची फट ठेवली. डेकच्या कडा सगळ्या बाजूंनी पॅक करायचा मोह होतो, कारण दिसायला नीटनेटकं दिसतं. आम्ही तसं केलं नाही, खालून वारा खेळता ठेवला. फळ्या १९ मिलिमीटर जाडीच्या, आणि कड्यांमधलं अंतर ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. अंतर वाढवलं तर कड्या कमी लागतात, पैसे वाचतात, पण पाऊल पडलं की फळी लचकते आणि लचकता लचकता स्क्रू ढिले होतात.

खांबांचा खड्डा खणताना आणखी एक ओळखीची गोष्ट निघाली. माती. काळपट, चिकट, कुदळीला धरून राहणारी. आप्पांनी मूठभर उचलून चुरली आणि हसले. "हाई ते आपली काई मातीच शे." ही तर आपली काळी मातीच आहे. खरंच तशीच होती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आमच्याकडे चैत्रात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग घराचा पाया उथळ असेल तर भिंतीही तशाच फाटतात. त्यात हौदाभोवतीची दोन-तीन फूट जमीन मूळची नसतेच. हौद बसवताना खणलेला खड्डा नंतर भरून काढलेला असतो, आणि ती भर वर्षानुवर्षं दबत राहते. डेकचे खांब त्या भरीवर उभे केले तर एक बाजू खचते. म्हणून भरीच्या बाहेर, घट्ट मुरुमापर्यंत खोल जाऊन खांब घेतले. डेकचा भार हौदाच्या भिंतीवर कुठेही टाकला नाही. दोघांमध्ये बोटभर जागा सोडली, म्हणजे माती हलली तरी एक दुसऱ्याला ओढत नाही.

लाकडाबद्दल मला खूप विचारलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. खालच्या सांगाड्याला औषध मुरवलेलं पाइन वापरलं. ऑस्ट्रेलियात अशा लाकडावर दर्जाचा शिक्का असतो. जमिनीच्या वर उघड्यावर वापरायचं असेल तर एच-थ्री, आणि ज्याच्यावर घराचा किंवा डेकचा भार आहे असा खांब थेट मातीत पुरायचा असेल तर एच-फाइव्ह. वरच्या फळ्या स्पॉटेड गमच्या. हे निलगिरीच्या गोतावळ्यातलं झाड, इथल्याच पूर्व किनाऱ्यावरचं. लाकूड इतकं टणक की आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू जातच नाही, आणि आमच्याकडच्या सागासारखंच उधईला पटकन दाद देत नाही. स्वस्त म्हणून मर्बाऊ घ्यायचा विचार होता. पण त्या लाकडातून पहिले काही पाऊस लालसर-तपकिरी पाणी झिरपतं आणि हौदाच्या कडेच्या फरशीवर डाग पाडतं. आधी महिनाभर बाहेर ठेवून, धुऊन घेतलं तर चालतं. आम्हाला तेवढा धीर नव्हता.

स्क्रूच्या बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करू नका म्हणेन. इथले बहुतेक हौद मिठाचे असतात. पाण्यात मीठ टाकतात आणि यंत्र त्यातून क्लोरीन तयार करतं. ते पाणी उडून फळ्यांवर पडतं, वाळतं, पुन्हा पडतं. साधं गॅल्व्हनाइज्ड लोखंड त्यात काही वर्षांत जातं. ३०४ दर्जाच्या स्टेनलेसवरही चहा सांडल्यासारखे डाग येतात. हौदापाशी ३१६ दर्जाचंच स्टेनलेस हवं. किंमत जास्त आहे, पण धाकटीच्या पायाचे टाके आठवले की ती जास्त वाटत नाही.

फळ्यांवर चकचकीत व्हार्निश लावलं नाही. ते ओल्या पायाला घसरतं आणि दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात. लाकडात मुरणारं तेल दिलं, ते वर्षाकाठी पुन्हा द्यायचं. गडद रंगाच्या प्लास्टिकमिश्रित फळ्या टिकाऊ असतात खऱ्या, पण भर दुपारी त्यांच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. खानदेशच्या उन्हात तर त्यांचा तवाच होईल. आणि एक छोटी गोष्ट, जी बरेच जण विसरतात: हौदाचं पाणी गाळणाऱ्या पाइपांच्या झडपा डेकखाली येत असतील तर तिथे उचलता येणारं झाकण ठेवा. नाहीतर गळती झाली की चांगला डेक फोडावा लागतो.

आता दाराकडे येते.

क्वीन्सलँड राज्यात ३०० मिलिमीटर किंवा त्याहून खोल पाणी राहू शकेल अशा प्रत्येक हौदाला कुंपण लागतं, बाजारातून आणलेल्या फुगवायच्या हौदालासुद्धा. कुंपण कमीत कमी १२०० मिलिमीटर उंच. उभ्या गजांमधली आणि खालची फट १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, हात सोडला की आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं. बाहेर उघडणारं अशासाठी की चुकून कडी लागली नसेल आणि पोराने दार ढकललं, तर ते पाण्याकडे उघडण्याऐवजी बंदच व्हावं. पूर्वी हौद कोणत्या साली बांधला त्यावर नियम वेगळे होते. मग सगळ्यांना एकच नियम लावला, आणि जुन्या हौदांना तो पाळायला ३० नोव्हेंबर २०१५ पर्यंत मुदत दिली.

डेक आणि कुंपण यांचं नातं मला आधी कळलंच नव्हतं. १२०० मिलिमीटर मोजतात ते कुंपणाच्या बाहेर पोर जिथे उभं राहील तिथून. तुम्ही कुंपणाला लागून बाहेरच्या बाजूला ३०० मिलिमीटर उंचीचा डेक बांधलात, तर कुंपण जागचं हललं नाही तरी ते ९०० चं झालं. सुंदर डेक बांधून हौद धोक्याचा करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. आमच्या सुताराने पहिल्याच दिवशी हे जमिनीवर खडूने काढून दाखवलं. मग कुंपण नव्याने डेकवर घेतलं. त्याचे ॲल्युमिनियमचे खांब नुसत्या फळीत न ठोकता खालच्या कड्यांमध्ये जाड आडवे ठोकळे बसवून त्यांना बोल्टने आवळले. पाण्यातून हात पोचेल अशा धातूला इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची तारही जोडून दिली.

सगळं झाल्यावर तपासणी. तपासनीस बाई आल्या, टेपने मोजलं, दार एक वीतभर उघडून सोडलं, मग पूर्ण उघडून सोडलं. दोन्ही वेळा कडी लागली. मग त्या चक्क गुडघ्यांवर बसल्या आणि तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून कुंपणाकडे पाहू लागल्या. तिथून त्यांना माझं तुळशीवृंदावन दिसलं. मी ते कुंपणाला टेकूनच ठेवलं होतं, उगवतीचं ऊन मिळतं म्हणून. कुंपणाच्या बाहेर ९०० मिलिमीटरच्या आत पाय ठेवून चढता येईल असं काही चालत नाही: खुर्ची, कुंडी, झाडाची फांदी, काहीच नाही. वृंदावनाला तर चारही बाजूंनी पायऱ्याच होत्या. प्रमाणपत्र अडलं.

मला वाईट वाटलं. आप्पांनी मात्र काही न बोलता वृंदावन दोन्ही हातांनी उचललं, घराच्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं, आणि धाकटीला बोलावून म्हणाले, "चढ बरं." ती पटकन चढली. तिला रोज बघणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या तपासणीत प्रमाणपत्र मिळालं.

त्या दिवसापासून आप्पांचा एक नेम झाला. सकाळी चहा घेऊन जायचं, दार वीतभर उघडून सोडायचं, आवाज ऐकायचा. एका रात्री मला म्हणाले, "भाऊना शेततळाले काही नही." भावाच्या शेततळ्याला असं काहीच नाही.

हे मला सगळ्यांत जास्त सांगायचंय. आमच्या लहानपणी होळीनंतर गावात बुडण्याइतकं पाणीच नसायचं. नाले कोरडे, विहिरींचा तळ दिसायचा. मग भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या देखरेखीखाली नाले रुंद आणि खोल झाले, त्यावर बंधारे झाले. शिरपूर पॅटर्न म्हणून सगळा महाराष्ट्र ते बघायला येतो, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आलं. घरापासून हाकेच्या अंतरावर दीड-दोन पुरुष खोल पाणी आलं. भावाचं शेततळं ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल आहे, आत काळं प्लास्टिक. ते ओलं झालं की त्यावर शेवाळ धरतं, आणि मग पट्टीचा पोहणाराही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. हाताला धरायला काही नसतं. विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पिढीला ते खोटं वाटतं. विहिरीला पायऱ्या होत्या, दगडांच्या कपारी होत्या, आणि काठावर मोठं माणूस असायचं. पोर बुडतं तेव्हा ओरडत नाही, त्याच्या तोंडात पाणी असतं. शेजारच्या खोलीतल्या आईला काही ऐकू येत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तेव्हा भाऊ, आप्पा आणि मी मिळून शेततळ्याला कुंपण घातलं. इथे एक हिशेब कामी आला. गावाकडे मिळते ती तारेची जाळी दोन-अडीच इंच भोकांची असते, तिच्यात पोराचा पाय सहज रुततो आणि तिची शिडी होते. ऑस्ट्रेलियातल्या नियमात १३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांची जाळी असेल तर उंची १२०० नाही, १८०० मिलिमीटर लागते. म्हणून आम्ही सहा फुटी जाळी घेतली. लोखंडी अँगल शेततळ्याच्या भरावाच्या बाहेर, मूळच्या जमिनीत, काँक्रीटमध्ये रोवले. फाटक बाहेर उघडणारं केलं, शिरपूरच्या वेल्डरकडून स्प्रिंगचं बिजागर बसवून घेतलं, आणि कडी मोठ्या माणसाच्या खांद्याला येईल एवढी वर. फाटकाजवळ ठिबकचे पाइप आणि खताच्या गोण्यांची थप्पी लागायची, ती वहिनीने हलवायला लावली. आत चारही बाजूंनी गाठी मारलेली जाड नायलॉनची दोरी पाण्यापर्यंत सोडली, वरचं टोक अँगलला बांधलं. दोन ठिकाणी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब बांधून ठेवली. लाकडी डेक तिथे कुणाला नकोच होता. पंपापाशी उभं राहायला खरबरीत सिमेंटचा ओटा केला, कारण गुळगुळीत फरशी ओली झाली की त्या काळ्या प्लास्टिकइतकीच घसरते.

सगळ्या कामाला पाच दिवस लागले. शेजारच्या दोन मळ्यांतले लोक बघायला आले, एकाने जाळीचं माप लिहून नेलं.

पहिल्या पावसानंतर भावाचा फोन आला. माती फुगली, फाटकाचा अँगल थोडा कलला आणि कडी लागेना. आप्पांनी ते त्याच सकाळी पकडलं होतं, कारण इथला नेम त्यांनी तिथेही चालू ठेवलाय. वेल्डर दुसऱ्या दिवशी येणार होता. तोवर फाटकाला साखळी आणि कुलूप, आणि चावी आप्पांच्या बंडीच्या खिशात. दोरी उन्हाने कुजते म्हणून ती दर आखाजीला बदलायची असं ठरलंय, आणि या वेळची नवी दोरी भावाने आधीच आणून ठेवली आहे.