हॅवलॉकला परत, नवऱ्याच्या कानासकट

अंदमानला परत जाऊया हे आमचं लग्न झाल्यापासून चालू होतं. चालू होतं म्हणजे काय, तर थंडी आली की दोघांपैकी कोणीतरी विषय काढायचा, विमानाचे भाव बघायचे, "बापरे" म्हणायचं आणि तारकर्लीला जाऊन यायचं. यंदा शेवटी तिकिटं काढलीच. आम्ही 2011 च्या जानेवारीत हॅवलॉक बेटावर भेटलो, स्कूबाच्या म्हणजे पाठीवर हवेचा टँक लावून पाण्याखाली जायच्या कोर्समध्ये, आणि त्यानंतर तिकडे फिरकलोही नव्हतो.

दरम्यान नावं सगळी बदलली. 2018 ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नील बेटाचं शहीद द्वीप, आणि 2024 ला पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. पाट्यांवर नवीन नावं आहेत, पण रिक्षावाले, हॉटेलवाले, डाइव्ह शॉपवाले सगळे हॅवलॉकच म्हणतात त्यामुळे मीही तेच लिहितेय.

विमानतळ अजिबात ओळखू आला नाही. नवीन टर्मिनल 2023 ला सुरू झालंय, शिंपल्याच्या आकाराचं, प्रशस्त, चकाचक. सावरकरांचं नाव मात्र तेच, त्यामुळे उतरल्या उतरल्या अर्धं विमान त्या नावाखाली फोटो काढायला थांबतं, आणि ते अर्धं विमान मराठी असतं हे सांगायला नकोच. सेल्युलर जेल मागच्या वेळी दोघांनीही वेगवेगळं पाहिलं होतं, या वेळी एकत्र गेलो. सात विंग होत्या त्यातल्या तीनच उरल्यात हे माहीत असूनही मधल्या टॉवरवर उभं राहिलं की बाकीच्या चार विंग कुठल्या दिशेला असतील हे डोळे शोधतातच. त्यावर जास्त लिहीत नाही, जेलवर खूप जणांनी खूप चांगलं लिहिलंय.

हॅवलॉकला जाणाऱ्या फेरीबोटीचं मात्र सांगायलाच हवं. आम्ही मुद्दाम सरकारी बोट घेतली, फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते ती. खाजगी कॅटमरान दीड तासात पोचवतात, एसी असतो, सीट चांगल्या असतात, पण बहुतेकींमध्ये काचेच्या आत बसून राहावं लागतं आणि समुद्र जरा खवळला की आजूबाजूला पिशव्या उघडायला लागतात. सरकारी बोटीला वेळ बराच लागतो पण डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो, आणि नशीब असेल तर उडणारे मासे दिसतात, पाण्यातून सुर्रकन बाहेर येतात आणि लाटांवरून तरंगत कुठच्या कुठे जाऊन परत आत. नवरा म्हणे मागच्या वेळी याच डेकवर त्याने मला पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं शक्य नाही, मी आत होते, मामेबहिणीचं डोकं धरून बसले होते, तिला बोट लागली होती. यावर आमचं जेट्टी येईपर्यंत एकमत झालं नाही.

पण ती बोट लागली हे बरंच झालं. कारण बहीण इतकी हादरली की कोर्स नको म्हणाली, आणि मी एकटी पडले. हा आला होता मित्रांबरोबर, पण मित्रांचा कोर्स आधीच झालेला आणि ते खोल डाइव्हला जाणार होते. स्कूबात एकट्याने पाण्यात जायचं नसतं, बडी लागतो, म्हणून इन्स्ट्रक्टरने दोन सुटी माणसं जोडून टाकली. बास, एवढंच. लोकांना वाटतं बेट, सूर्यास्त, नारळाची झाडं वगैरे. प्रत्यक्षात दोघं रबरी सूट घालून एकमेकांचे पट्टे ओढून बघत होतो. पाण्यात जायच्या आधी बडीचं सगळं सामान तपासायचं असतं, जॅकेटमध्ये हवा भरतेय का, वजनाचा पट्टा नीट आहे का, क्लिप लागल्यात का, टँक उघडलाय का, तर अनोळखी माणसाच्या कमरेचा पट्टा चाचपून बघायचा आणि वर गंभीर चेहऱ्याने ओके म्हणायचं, हे फारच विचित्र होतं.

तोपर्यंत दोघंही एकमेकांशी हिंदीतच बोलत होतो. मग मास्क क्लिअर करायचा सराव आला. पाण्याखाली गुडघ्यावर बसून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय, पहिल्यांदा जीव जातो अक्षरशः. हा नाकात पाणी जाऊन वर आला, तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आयला!" मी तिथेच हसायला लागले. पुढचं सगळं मराठीत.

म्हणजे पाण्याबाहेर. पाण्याखाली फक्त हात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ओके. नुसता अंगठा वर केला तर त्याचा अर्थ छान नाही, त्याचा अर्थ चला वर, आणि नवीन माणसं हमखास खुश होऊन अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना धरून वर आणतो. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी प्रॉब्लेम, मग जिथे प्रॉब्लेम आहे तिकडे बोट. मूठ छातीवर ठेवली की हवा संपत आलीय. आमच्या घरात ही भाषा अजून चालू आहे. लग्नकार्यात हॉलच्या त्या टोकाला कोणीतरी काकांनी मला पकडलेलं असतं आणि मी छातीवर मूठ ठेवते, की पाच मिनिटांत नवरा गाडीची किल्ली घेऊन हजर. गर्दीत चुकामूक झाली की नियम तोच, बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर वर यायचं. आमच्यासाठी वर म्हणजे पार्किंग.

आणि त्याचा कान. पहिल्या डाइव्हपासून त्याचा डावा कान हट्टी. खाली जाताना दाब वाढतो, दहा मीटरवर तो वरच्या दुप्पट होतो, त्यामुळे नाक दाबून हळूच फुंकत कान मोकळे करत करत उतरावं लागतं. माझे पटापट व्हायचे. हा चार मीटरवर थांबायचा, पंजा हलवायचा, कानाकडे बोट करायचा, मग दोघं एक मीटर वर, परत प्रयत्न, परत वर. मी तेव्हा त्याच्या जॅकेटचा पट्टा धरून समोर लटकत राहायचे आणि मासे बघायचे. काही वर्षांपूर्वी त्याच कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाण्यावर तरंगा हवं तेवढं, खाली जायचं नाही. खरं सांगायचं तर परत जाणं लांबत गेलं त्याला विमानाचे भाव हे निम्मंच कारण होतं.

हॅवलॉक खूप बदललंय. रस्त्याला लागून ओळीने हॉटेलं, स्कूटी भाड्याने देणारे, कॅफे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल 2020 ला सुरू झाली, तेव्हापासून नेटवर्क बऱ्यापैकी मिळतं, त्यामुळे राधानगर बीचवर आता निम्मी माणसं समुद्राकडे पाठ करून उभी असतात. पण बीचचे नंबर तसेच आहेत, एक नंबरला जेट्टी, तीनला बाजार, पाच विजयनगर, सात राधानगर. आणि माणसंही तीच, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे वसवलं, त्यांची ही गावं, म्हणून सगळीकडे बंगाली कानावर पडतं आणि खानावळीत माशाचं कालवण मोहरीच्या वासाचं. मला ते कोकणी कालवणापेक्षा आवडतं हे घरी सांगायची सोय नाही.

राधानगरला पूर्वी हत्ती असायचा, राजन. जंगलातली लाकडं ओढायला सत्तरच्या दशकात जे हत्ती या बेटांवर आणले त्यातला हा एक. ते हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यासाठी पोहायला शिकले, आणि राजन त्यांच्यातला शेवटचा पोहणारा. आमच्या कोर्समधल्या सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघं पहिल्यांदा कोर्सबाहेर भेटलो ते त्यालाच बघायला. तो झाडांमधून माहुताबरोबर वाळूवर आला, एवढं धूड पण पावलांचा आवाज शून्य, आणि पाय पाण्यात टाकायच्या आधी सोंडेने थोडी वाळू उचलून स्वतःच्या पाठीवर फेकली. राजन 2016 ला गेला. या वेळी त्याच वाटेने बीचवर उतरलो तर नवरा अचानक म्हणाला, "तू त्या दिवशी पिवळी ओढणी घेतली होतीस." माझ्याकडे पिवळी ओढणी कधीच नव्हती. पण मी काही बोलले नाही.

राधानगरचं पाणी मात्र अजूनही तेच आहे. 2004 ला टाइम मासिकाने याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं आणि ते वाक्य बेटावरचा प्रत्येक रिक्षावाला ऐकवतो. आता स्वच्छ बीचना मिळणारा ब्लू फ्लॅग आहे, कपडे बदलायला खोल्या आहेत, मगरींबद्दल सावध करणाऱ्या पाट्या आहेत आणि सूर्य कलला की लाइफगार्ड शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतो. सूर्य इथे फार लवकर कलतो हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, घड्याळ आपलंच पण बेट इतकं पूर्वेला की हिवाळ्यात साडेपाचच्या सुमाराला खेळ खल्लास. पहाटे पाचला उजाडायला लागतं. जे फिरायचं ते सकाळी.

डाइव्हला आम्ही निमो रीफच निवडली, कोर्स झालेली जागा. किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं, फार खोल नाही, त्यामुळे मी खाली आणि नवरा वरून स्नॉर्केल लावून असा बेत. माझी बडी म्हणून डाइव्ह शॉपची एक मुलगी होती, पंचविशीतली, भराभर माझे पट्टे तपासून मोकळी झाली. नवरा शेजारी पायात पोहायचे रबरी पंख घालून उभा होता. तिचं झाल्यावर त्याने परत सगळं तपासलं. टँकचा व्हॉल्व्ह, वजनाचा पट्टा, क्लिपा, एकेक करत, तोंडाने ओळीने म्हणत. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती थांबली.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट ऐकू आली ती पोपटमाशांची कुरकुर. चोचीसारख्या दातांनी ते कोरल खरवडत असतात, तो आवाज पाण्यात स्पष्ट येतो, आणि खाल्लेलं सगळं मागून बारीक वाळू होऊन पडतं. समुद्रफुलात क्लाउनफिश होते, एक मोठा शिंपला जांभळी निळी किनार मिरवत बसला होता, सावली पडली की मिटायचा. पण मी या वेळी दुसरंच बघत होते. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानात समुद्र तापून प्रचंड ब्लीचिंग झालं होतं. पाणी जास्त तापलं की कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, ज्याच्यामुळे त्याला रंग असतो आणि ज्याच्यावर ते जगतं, आणि पांढरं पडतं. तसंच राहिलं तर मरतं. म्हणजे 2011 ला मी जे बघून हरखून गेले होते त्यातलं बरंचसं मेलेलं होतं, वर शेवाळ धरलेलं. इन्स्ट्रक्टर तेव्हा सांगत होता की वर्षभर आधी यायला हवं होतं, आम्हाला काही कळत नव्हतं, आम्हाला सगळंच भारी वाटत होतं. 2016 ला परत तडाखा बसला. आता तो जुना सांगाडा तसाच आहे, तुटलेल्या फांद्यांचा खच, पण त्याच खचावर जागोजागी नवीन कोरल उगवलंय, करंगळीएवढ्या फांद्या, टोकं फिकट निळी. त्यांच्या मधे अगदी इवले मासे, हात जवळ नेला की सगळे एकदम आत, लांब नेला की सगळे बाहेर. मी तिथेच खूप वेळ थांबले. बडीने ओके विचारलं, मी ओके केलं.

वर बघितलं तर तो होता. उलटा, हात पसरून, माझ्या बुडबुड्यांच्या बरोब्बर वर. मी डावीकडे गेले की तोही डावीकडे. मी ओके दाखवलं, त्याने ओके दाखवलं, आणि मग पंजा आडवा धरून हलवला आणि कानाकडे बोट केलं. माझ्या काळजात धस्स झालं, मी अंगठा वर करणार इतक्यात दिसलं की मास्कच्या आत त्याचे गाल हलतायत. हसत होता. वर आल्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुपारी पाच नंबरच्या बीचवर, महुआच्या झाडांखाली, ओहोटीने समुद्र पार लांब गेलेला, तिथे बसून लॉगबुक भरलं. डाइव्हर लोकांचं लॉगबुक असतं, किती खोल, किती वेळ, काय दिसलं, खाली बडीची सही. माझ्या पहिल्या पानावर याची सही आहे, त्याचं आडनाव मला त्यातूनच कळलं होतं. नव्या पानावर त्या मुलीची सही झाली, बरोबरच आहे, बडी तीच होती. मी नारळवाल्याकडे जाऊन आले तोवर नवऱ्याने "काय दिसलं" च्या रकान्यात, माझ्या अक्षराखाली पेनाने लिहून ठेवलं होतं: "मोठी पाकट, 1 नग. वरून दिसली. हिच्या पाठीमागून गेली, हिने पाहिली नाही."

पाकट वगैरे काही नव्हती. मी त्या मुलीला विचारलं, तिनेही पाहिली नाही. तो अजून म्हणतो होती.