आमची वाटचाल : निंगबोला जायच्या आधीचे चार महिने

जैन इरिगेशनमुळे जळगाव ठिबकचं गाव झालं आणि त्या कामाच्या आधारानं एमआयडीसीत जॉइनर, टेक ऑफ, एंड कॅप, ग्रोमेट असे ठिबकच्या नळ्यांना लागणारे छोटे भाग करणारे आमच्यासारखे छोटे कारखाने उभे राहिले. अप्पांनी १९९१ मध्ये हँड मोल्डिंगच्या एका मशिनवर सुरुवात केली. दांडा दाबायचा, मोल्ड म्हणजे साचा हातानं उघडायचा, माल काढायचा. २०१२ पर्यंत आमच्याकडे चार ऑटोमॅटिक मशिनं होती, अकरा माणसं होती आणि मोल्ड मात्र सगळे चार कॅव्हिटीचे. म्हणजे एका शॉटला, मोल्ड एकदा भरून उघडला की, चार जॉइनर. मे महिन्यात पूर्वहंगामी कपाशीची लागवड आणि पाठोपाठ मृगबागेची केळी, या दोन महिन्यांत दुकानदार दारात उभे राहायचे आणि आम्ही तीन पाळ्या चालवूनही त्यांना माल देऊ शकत नव्हतो.

१६ कॅव्हिटीचा मोल्ड हवा होता. पुण्यातल्या एका मोल्डवाल्यानं १४ लाख आणि सहा महिने सांगितले. काम चांगलं केलं असतं त्यानं, पण तेवढी रक्कम एकदम काढणं आम्हाला शक्य नव्हतं. त्याच सुमारास धुळ्याच्या एका व्यावसायिक मित्रानं चीनहून मोल्ड आणला होता. तो म्हणाला, 'भाऊ, फोनवर घेऊ नका. जा, बघा, मग पैसे द्या.' घरातून कोणी कधी परदेशात गेलेलं नव्हतं. माझा पासपोर्टही नव्हता.

पहिल्यांदा मी मोल्डबरोबर एक मशीनही घ्यायचं मनात धरलं होतं. मुंबईच्या सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाला, सहज फोन केला म्हणून वाचलो. त्यानं विचारलं, 'मशीन का मोल्ड, ते आधी सांगा.' चीनमधून येणाऱ्या आमच्या मापाच्या इंजेक्शन मोल्डिंग मशिनांवर तेव्हा अँटी डंपिंग ड्युटी, म्हणजे बाहेरून स्वस्तात येणाऱ्या मालावरचा जादा कर होता. कस्टमच्या यादीत मशीन ८४७७ या क्रमांकाखाली येतं आणि मोल्ड ८४८० खाली, आणि ती ड्युटी ८४७७ च्या मशिनांवर होती. चीनला जाऊन मशीन पसंत करून, आगाऊ रक्कम देऊन आलो असतो आणि न्हावाशेवा बंदरात माल उतरल्यावर हे कळलं असतं, तर कारखाना गहाण पडला असता. मशीन त्याच दिवशी यादीतून काढलं. आमच्या धंद्यातल्या कोणालाही मी आजही हेच सांगतो की तिकिटाच्या आधी सीएचएला फोन करा.

मग कागद. आयात-निर्यातीचा आयईसी नंबर काढला. आमच्या शाखेत परदेशात पैसे पाठवायचं काम फारसं होत नसे. मॅनेजरसाहेबांनी नाशिकला दोनदा विचारून फॉर्म मागवले आणि माझ्यासोबत बसून भरले, त्यांचे उपकार आहेत. व्हिसासाठी तिकडच्या कारखान्याचं निमंत्रणपत्र लागतं. ते आलं, खाली लाल गोल शिक्का. हा शिक्का तिकडे सहीपेक्षा मोठा मानतात, हे मला नंतर करारावर कळलं.

तारखांचा मोठा पेच होता. चीनमध्ये १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय दिन, त्याला जोडून आठवडाभर सगळं बंद. त्या वर्षी त्यांचा शरद ऋतूतल्या पौर्णिमेचा सण ३० सप्टेंबरलाच आला, म्हणून सुट्टी त्या दिवसापासून थेट ७ ऑक्टोबरपर्यंत. आमच्याकडे १६ तारखेला घटस्थापना. मधे उरला तो सगळा पितृपक्ष. आई म्हणाली, 'नव्या कामाला पितृपक्षात घराबाहेर पाऊल नको.' दिवाळीनंतर जावं तर तिकडच्या नव्या वर्षाच्या सुट्टीआधी मोल्ड मिळणार नव्हता आणि पुढचा मे पुन्हा हातचा गेला असता. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. शेवटी अप्पा म्हणाले, 'पितर आपलेच ना. पोरगा पोटासाठी चाललाय, ते आडवे कशाला येतील?' आईनं मान हलवली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या दशम्यांसाठी गूळ आणून ठेवला.

या सगळ्यापेक्षा जड काम कारखान्यातच निघालं. चीनमधल्या निंगबो आणि हुआंगयान या गावांतल्या मोल्डच्या कारखान्यांना मेल केले की सगळ्यांचं पहिलं उत्तर एकच यायचं: ड्रॉइंग पाठवा. आमच्याकडे ड्रॉइंग नव्हतं. एकवीस वर्षं आम्ही माल करत होतो आणि एकाही नगाचं ड्रॉइंग नव्हतं. होतं ते सगळं आमच्या मिस्त्रींच्या डोक्यात आणि बोटांत. जॉइनर हातात घेऊन ते सांगायचे, 'याची कड अजून थोडी मारायला पाहिजे.' कड म्हणजे नळीला धरून ठेवणारी धार. थोडी म्हणजे किती, हे कधी कोणी विचारलं नव्हतं, कारण मारणारेही तेच होते.

तंत्रनिकेतनातून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा महिनाभरासाठी घेतला. तो कॉम्प्युटरवर आणि मिस्त्री शेजारी स्टुलावर. पहिले तीन-चार दिवस मिस्त्री नाराज होते. त्यांना वाटलं, त्यांची विद्या कागदावर उतरवून घेतली जाते आहे आणि मग त्यांची गरज राहणार नाही. मी त्यांना घरी जाऊन सांगितलं की नवा मोल्ड आला की तो लावणार तुम्ही, सांभाळणार तुम्ही, आणि तिकडे काय विचारायचं तेही तुम्हीच मला शिकवायचं. त्यानंतर ते स्वतःहून रात्री थांबायला लागले.

त्यांनीच मला एक गोष्ट दाखवली जी मी कधी नीट पाहिली नव्हती. आमचा जॉइनर १६ एमएमच्या लॅटरलमध्ये, म्हणजे शेतात पसरायच्या ठिबकच्या नळीत बसतो. लॅटरलला आयएस १२७८६ हे मानक आहे, पण शेतात जे पसरलेलं असतं ते वेगवेगळ्या कंपन्यांचं, वेगवेगळ्या जाडीचं, काही चार उन्हाळे खाल्लेलं. बाहेरून सगळे १६, आतून मात्र एकसारखा एकही नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नळी मऊ पडते, आणि पाण्याचा दाब आला की जॉइनर निसटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं दोष जॉइनरचाच.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी आणि मिस्त्री मोटारसायकलवर फिरलो. यावल, रावेर, चोपडा, जामनेर. ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधावर जायचं, पडलेल्या लॅटरलचा वीतभर तुकडा मागायचा. कापायच्या आधी मिस्त्री त्यावर खडूनं गाव आणि वर्ष लिहायचे. रावेरच्या एका केळीवाल्या काकांनी विचारलं, 'हे घेऊन चीनला जाणार? मग माझ्या नळीचा तुकडा नक्की दाखवा, हिनं मला लई रडवलंय.' असे २३ तुकडे जमले. श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात ते उभे करून ठेवले. व्हर्नियरनं आतली मापं घेतली तर १३.४ पासून १४.२ पर्यंत फरक. एवढ्या फरकात एकच जॉइनर सगळीकडे धरला पाहिजे, हे आमचं काम. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मला खरंच भरून आलं. अप्पांनी इतकी वर्षं अंदाजानं जे सांभाळलं होतं ते हे होतं.

दुसरं माप मशिनचं. हुआंगयानच्या एका कारखान्यानं आमच्या १२० टनाच्या मशिनची माहिती मागितली. टायबारमधलं, म्हणजे ज्या दांड्यांच्या मधे मोल्ड बसतो त्यांच्यातलं अंतर, मोल्डची कमीत कमी जाडी, किती उघडतं, रजिस्टर रिंगचा व्यास, नोझलची गोलाई. मी कॅटलॉग स्कॅन करून पाठवला. त्यावरून त्यांनी कच्चं डिझाइन केलं, मोल्डची रुंदी ४०० एमएम. मिस्त्री ते बघून काही बोलले नाहीत, टेप घेऊन मशिनकडे गेले आणि टॉर्चच्या उजेडात दोन टायबारमधलं अंतर तीनदा मोजलं. ३८० भरलं. कॅटलॉगमध्ये ४१० होतं. आमचं मशीन सेकंडहँड घेतलेलं, आणि त्याच्याबरोबर आलेला कॅटलॉग पुढच्या मॉडेलचा होता. सात वर्षं तो आमच्या कपाटात होता आणि लहान मोल्डमुळे कधी अडलं नाही. त्या दिवशी चारही मशिनांची मापं टेपनं घेऊन एका वहीत लिहिली. नोझलची गोलाई घ्यायला मिस्त्रींनी पुठ्ठ्याचे साचे कापले होते, ते अजून वहीत चिकटवलेले आहेत.

प्रश्नांची यादीही त्या वहीतच. स्टील कोणतं, पी२० की एच१३, कोअर आणि कॅव्हिटीला हार्डनिंग करणार का. किती लाख शॉटची हमी. हॉट रनर की साधा. कोअर पिना, म्हणजे नग आतून पोकळ ठेवणाऱ्या मोल्डमधल्या पिना, वेगळ्या बदलता येतात का, आणि जादा किती देणार. यावर मिस्त्री अडून बसले. त्यांचं म्हणणं, मोल्ड मरत नाही, पिना मरतात, आणि पिनेसाठी चीनला कुरिअर करत बसाल तर सीझन जाईल. मी लिहिलं, '१६ अधिक १६'. त्याखाली आमच्या पीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या ग्रेडचा डेटाशीट जोडला, कारण पीपी थंड होताना आक्रसतं आणि किती आक्रसतं हे ग्रेडवर ठरतं. मोल्डवाल्याला ते आधी माहीत नसेल तर सगळी मापं गेली.

भाषेची सोय अनपेक्षित झाली. भुसावळचा एक मुलगा निंगबो विद्यापीठात एमबीबीएस करत होता. त्याच्या वडिलांची ओळख निघाली. मुलगा स्काइपवर म्हणाला, 'काका, मी भाजी घेऊ शकतो, पेशंटशी बोलू शकतो, पण गेट, रनर, इजेक्टर याला चिनीत काय म्हणतात मला माहीत नाही.' मग आम्ही वहीत तीन रकाने केले. एकात आमच्या मोल्डचा फोटो आणि त्या भागावर बाण, दुसऱ्यात आमचा शब्द, तिसरा कोरा. ती पानं कारखान्याला मेल केली आणि त्यांच्या इंजिनिअरनं कोरा रकाना भरून पाठवला. मुलानं तीस-पस्तीस शब्द पाठ केले. हॉटेलचे आणि तिन्ही कारखान्यांचे पत्तेही चिनी अक्षरांत मोठ्या टायपात छापून घेतले, टॅक्सीवाल्याला दाखवायला. व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला चिनी मजकूर घेतला. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, त्यांचं घेतलं की वाचायचं, लगेच खिशात घालायचं नाही, हेही त्या मुलानंच शिकवलं.

पैशाचं आधीच ठरवून गेलो. अप्पांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं: मोल्ड २० हजार डॉलरच्या वर नाही, आगाऊ ३० टक्के, ४० टक्के ट्रायलचे नमुने जळगावात तपासल्यावर, उरलेले माल जहाजावर चढवायच्या आधी. डॉलर तेव्हा ५३ रुपयांच्या आसपास होता. तिथे कोणी कितीही आदरातिथ्य केलं तरी त्या पानाबाहेर जायचं नाही, असं त्यांनी मला देवासमोर सांगितलं.

८ ऑक्टोबरला रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघालो. बॅगेत दशम्या, लसणाची चटणी, शेंगदाणे, वही, व्हर्नियर आणि नळीच्या तुकड्यांचा डबा. हाँगकाँगमार्गे शांघाय, तिथून बसनं हांगचौच्या खाडीवरच्या ३६ किलोमीटरच्या पुलावरून निंगबो. निंगबोचे दोन कारखाने पाहिले, चांगले होते, पण त्यांचा भर मोठ्या मोल्डवर. तिसऱ्या दिवशी रेल्वेनं तासाभरावर हुआंगयान. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोल्डचीच दुकानं, स्टीलचे ठोकळे, वायरकटची मशिनं.

तिथल्या मालकांच्या टेबलावर मी डबा उघडला. ते माझ्याच वयाचे असतील. त्यांनी चहा बाजूला सारला, खिशातून स्वतःचं व्हर्नियर काढलं आणि एकेक तुकडा आतून मोजायला लागले. बराच वेळ गेला. मग त्यांनी डिझाइन करणाऱ्या मुलीला बोलावलं, रावेरचा तुकडा तिच्या हातात दिला आणि काहीतरी बोलले. भुसावळच्या मुलानं हळूच मला सांगितलं, 'ते म्हणतायत, कड एक नको, दोन पाहिजेत.' तिथेच, माझ्यासमोर, ड्रॉइंग बदललं. सौदा १८ हजार डॉलरला ठरला. जादा पिनांची ओळ करारात आली, लाल शिक्का बसला.

घटस्थापनेच्या सकाळी मी जळगावात होतो. नमुने डिसेंबरमध्ये आले. त्यात कड थोडी जाड होती. पण थोडी म्हणजे किती, ते आता आकड्यात कळवता आलं, आणि त्यांनी दुरुस्त करून दिलं. मोल्ड न्हावाशेवाला उतरून मार्चमध्ये कारखान्यात पोचला. ३८० मध्ये बरोबर शिरला.

पहिला चांगला शॉट निघाला तसे अप्पा डबा घेऊन बसले. सोळा जॉइनर, तेवीस तुकडे, एकेक घालून दोन्ही हातांनी ओढून बघत होते. पंधरा कॅव्हिटींचे सगळीकडे धरले. नऊ नंबरच्या कॅव्हिटीचा रावेरच्या नळीतून निसटला. मिस्त्रींनी पिन काढून मोजली, ती कमी भरली. ते काही न बोलता पेटीकडे गेले, पिनांचा खोका उघडला, त्यातली एक तेल पुसून मोजली आणि बसवली. दुपारची पाळी आली तेव्हा मशीन चालू होतं.