बसलं की दुखतं, उठलं की थांबतं

बसलं की जळजळ, उठलं की कमी. डाव्या बाजूला, माकडहाडाजवळून सुरू होऊन पुढच्या जागेपर्यंत. आता हे सांगणार कोणाला? आमच्या कणकवलीत बाई "खाली दुखतंय" एवढंच बोलते आणि अंगावर काढते. माझं शिलाईकाम, म्हणजे दिवसभर मशीनवर बसणं आलंच, गणपतीच्या आधी तर रात्रीसुद्धा. शेवटी मी जेवायलाही उभी राहायला लागले, सासूबाई म्हणायच्या "बसान जेव गो". लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, मूळव्याधीचं मलम झालं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि मग ठरलेलं वाक्य, टेन्शन घेऊ नका. टेन्शन नव्हतं हो, नस होती!

प्युडेंडल नर्व्ह म्हणतात तिला. कण्याच्या अगदी खालच्या भागातून निघते, दोन चिवट लिगामेंटच्या मधून वळते आणि अलकॉक कॅनॉल नावाच्या अरुंद जागेतून पुढे जाते, आणि या वाटेत ती दबू शकते. लघवीची जागा, संडासची जागा आणि मधला भाग, या सगळ्याची जाणीव तिच्याकडे. पुरुषांनाही हे होतं, फार सायकल चालवणाऱ्यांना तर जास्तच. एमआरआयमध्ये बऱ्याचदा काही दिसत नाही, म्हणून फ्रान्समधल्या नाँत शहराच्या नावाने २००८ साली पाच निकष छापून आले ते डॉक्टर बघतात. दुखणं या नसेच्याच भागात हवं, बसल्यावर वाढायला हवं, रात्री दुखण्याने झोपमोड होत नाही, तपासताना बधिरपणा सापडत नाही, आणि पाचवं म्हणजे नसेजवळ भूल दिली की दुखणं थांबतं. कमोडच्या सीटवर बसल्यावर मला बरं वाटायचं, ते सांगायचीही लाज वाटत होती, पण कोल्हापूरच्या पेन क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी तेच आधी विचारलं! (उलट तुम्हाला रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा तो भाग बधिर होत असेल तर दुसरं कारण आधी शोधावं लागतं, ते टाळू नका.)

तर ते पाचवं, म्हणजे नर्व्ह ब्लॉक. पालथं झोपवतात, सोनोग्राफीवर किंवा एक्स-रेवर बघत बघत सुई नसेजवळ नेतात आणि भुलीचं औषध सोडतात, बऱ्याचदा सोबत स्टेरॉइड. टाका नाही, पोट उघडणं नाही, त्याच दिवशी घरी. पण मला सगळ्यांना हेच सांगायचंय की हा ब्लॉक उपचाराच्या आधी एक तपासणी आहे. भूल असेपर्यंत मुद्दाम बसून बघायचं आणि किती फरक पडला ते डॉक्टरांना नीट सांगायचं. मी तिथल्या खुर्चीवर बसले आणि रडले, कारण दुखलं नाही. काही तासांनी दुखणं परत आलं तरी इंजेक्शन फुकट गेलं असं नसतं, दुखणं त्या नसेच्या भागातलं आहे एवढं तर कळलं. नस दबलीच आहे हे मात्र त्याने सिद्ध होत नाही, त्यामुळे लगेच ऑपरेशनची घाई कोणी केली तर प्रश्न विचारा.

स्टेरॉइडचा गुण कोणाला आठवडे टिकतो, कोणाला महिने, कोणाला येतच नाही. पुढची पायरी पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी. त्यात सुईच्या टोकातून करंटचे छोटे झटके देतात आणि टोकाचं तापमान साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे नस जाळत नाहीत, फक्त तिचं दुखणं वर मेंदूकडे पाठवणं कमी करायचा प्रयत्न. काही ठिकाणी नस गोठवतातही. नस मोकळी करायचं ऑपरेशन त्याच्याही नंतर.

सोबत गोळ्या असतात, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलीन, झोप येते त्यांनी. आणि फिजिओथेरपी, पण ती स्नायू सैल करायची. युट्यूबवर बघून कीगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, करू नका, स्नायू आधीच आखडलेले असतील तर दुखणं वाढतं.

माझी रेडिओफ्रिक्वेन्सी गणपतीनंतर ठरलीय. तोवर सुताराकडून कटिंगचं टेबल उंच करून घेतलंय, खुर्चीवर मध्ये खाच असलेली उशी. घाटातून गाडीने जाणार असाल तर मागच्या सीटवर आडवं व्हायची सोय करा, फोंडा घाटात बसून जाणं मला तरी जमत नाही. आणि डॉक्टरांसमोर "खाली दुखतं" म्हणून थांबू नका, नेमकी जागा सांगा, बसल्यावर काय होतं ते सांगा.