सांडा आणि त्याची जमीन

सांड्याचे तेल हे नाव गोव्याच्या बाजारातही अनेकांच्या कानावरून गेलेले असते. पण ज्याच्या शेपटीतल्या चरबीपासून ते काढतात, तो प्राणी कुठे राहतो आणि त्याची जागा कशी आकसत चालली आहे, याविषयी मराठीत मला फारसे वाचायला मिळालेले नाही.

राजस्थान, कच्छ आणि पाकिस्तानातल्या कोरड्या मैदानांत आढळणारा हा काटेरी शेपटीचा सरडा धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात नोंदलेला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे. त्या तेलाच्या गुणांना वैद्यकीय आधार नाही, तरीही पळू नये म्हणून जिवंत सांड्याचा कणा मोडून त्याला विकायला नेले जाते. हे क्रौर्य निदान दिसते तरी. जमीन जाते ती गाजावाजा न होता, आणि मला तेच अधिक भयंकर वाटते.

प्रौढ सांडा मुख्यतः पाने, फुले आणि बिया खातो. सांडे वसाहतीने राहत असले तरी प्रत्येकाचे बीळ वेगळे असते, आणि बिळात शिरल्यावर तो बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून घेतो. हिवाळ्यातली दीर्घ निद्राही तिथेच. असे बीळ भुसभुशीत वाळूत टिकत नाही, ओलिताच्या शेतात तर नाहीच. त्याला घट्ट, सपाट, विरळ झुडपांची जमीन लागते, आणि नेमकी तीच जमीन नांगराला आणि सौर प्रकल्पांना सोयीची पडते. इंदिरा गांधी कालव्याने सतलज आणि बियासचे पाणी थरच्या वाळवंटात आणले. तहानलेल्या गावांसाठी त्याचे मोल मोठेच आहे, पण त्याबरोबर कोरडी माळराने शेताखाली गेली. उरलेल्या माळांवर विलायती बाभूळ पसरते आहे. सांडे कमी झाले की त्यांच्यावर जगणाऱ्या शिकारी पक्ष्यांचेही भक्ष्य कमी होते.

गोव्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. उन्हाळ्यात आपले सडे, म्हणजे कातळाची पठारे, उजाड दिसतात, पण पावसाळ्यात त्याच कातळावर किती प्रकारची फुले येतात, हे पाहिलेल्याला ती जमीन मोकळी वाटत नाही. मोपाच्या सड्यावर आता विमानतळ आहे.

राजस्थानात आपल्या देवरायांसारखी ‘ओरण’ म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गायराने आहेत. त्यांची नोंद महसुली दप्तरात व्हावी म्हणून जैसलमेरचे गावकरी झगडत आले आहेत, आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा जागांची मोजणी करून त्यांना वनांचे संरक्षण देण्याचे आदेश दिले. ही मोजणी झाडी असलेल्या भागापुरती मर्यादित राहू नये, एवढे मला आग्रहाने म्हणायचे आहे. कारण सांड्याच्या वसाहती ओरणातल्या उघड्या माळावर असतात, आणि नकाशातून तो माळ सुटला तर त्या न्यायालयीन आदेशाचा लाभ त्याला मिळणार नाही.