कॉल कमी झाले आणि साहेबांना शंका आली

मे महिना, पारा ४४ च्या आसपास. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयातून फोन आला : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद. मी रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त करतो; धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) खोलून ठेवला होता. तो तसाच टाकून निघालो.

पोचून पाहतो तर मशीन बंद नव्हतंच. ऑक्सिजनची शुद्धता घटल्याचा पिवळा दिवा लागला होता, एवढंच. भिंतीला खेटून ठेवलेलं, मागचा स्पंजचा फिल्टर धुळीनं पार बुजलेला. हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं, आतलं झिओलाइट नावाचं खनिज त्यातला नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जातो. हवाच कोंडली तर शुद्धता कुठून येणार? वर कॉम्प्रेसर तापतो तो वेगळाच.

वॉर्डातले मामा म्हणाले, "भाऊ, मशीन आठेच ऱ्हास, कायम." म्हणजे इथेच असतं.

हातभर पुढे ओढलं, कोरडा फिल्टर घातला, थोडा वेळ चालू देऊन ऑक्सिजन मोजायचा ॲनालायझर लावला. ९३ टक्के. येण्याजाण्यात दिवस गेला, काम चहा निवायच्या आत झालं.

परतताना गाडीत कॉल रजिस्टर, म्हणजे आलेल्या तक्रारींची वही, चाळलं. मॉनिटर बंद : पेशंटला लावायचा प्रोब तुटलेला. बीपी येत नाही : दंडाला बांधायच्या कफमधून हवा गळतेय. सिरिंज पंप बंद : चार्जिंगलाच लावला नव्हता. मशीनचा खरा बिघाड त्या नोंदींत शोधावा लागत होता. आणि आमच्याकडे हात वेगात चालवा म्हणून सांगतात!

मग फोनवरच विचारू लागलो : कोणता दिवा लागलाय, प्लग बदलून पाहिला का, स्क्रीनचा फोटो टाका. जादा प्रोब आणि कफ वॉर्डातच ठेवले. फिल्टर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवायचा, हे सिस्टरांना हातात धरून दाखवलं. काहींनी कुरकुर केली. त्यांच्या डोक्यावर आधीच कमी कामं नाहीत, तेही खरं.

महिन्याच्या अहवालात कॉल घटले. साहेब म्हणाले, "काम कमी झालंय का तुमचं?"

सरकारच्या देखभाल कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर उपकरणं ९० टक्के वेळ चालू हवीत, असं मोजतात. आमच्या तक्त्यात मात्र फक्त 'बंद केलेले कॉल', म्हणजे मिटवलेल्या तक्रारी. साहेबांना वर्कशॉपची मांडणी दाखवली. वाचलेल्या वेळात, तिथं धूळ खात पडलेली सक्शन मशीनं दुरुस्त होऊन वॉर्डात गेली होती. साहेबांनी पाहिलं, मान डोलावली आणि तक्ता आहे तसाच पुढे पाठवला.